सात नंबरचे बूट

बुटांच्या दुकानातल्या सगळ्यांत जुन्या विक्रेत्याला सगळे नंबरकाका म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत काकांनी त्याच्या पायाचा नंबर ओळखलेला असे. मग स्टुलावर बसून, त्याचा पाय मांडीवर घेऊन ते अंगठ्यापुढे बोट दाबत. "पुढे एवढी जागा हवी. चावणारा बूट आपला नव्हे."

हे शहाणपण त्यांनी स्वतःला मात्र कधी विकलं नाही. काचेत मांडलेले बूट हंगाम संपला की नोकरांना मिळत, आणि मांडणीतला बूट नेहमी सात नंबरचा. काका नोकरीला लागले तेव्हा त्यांचा पाय सातच होता. पुढे पोट सुटलं, चष्मा लागला, पण पाय तेवढाच राहिला असं ते धरून चालले. फुकटच्या बुटाला कोण नंबर विचारतो?

उजव्या अंगठ्याचं नख मांसात रुतायला लागलं, तेव्हा त्यांनी कात्रीनं कोपरे कोरले. जितकं कोरावं तितकं ते आणखी आत जाई. शेवटी पू धरला. काका दुकानात हसतमुखानं वावरत आणि गोदामात जाऊन फळीला धरून डोळे मिटत. आपल्याला लंगडताना पाहिलं तर मालक घरी बसवेल, ही त्यांची धास्ती. मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा. त्याच्या पायात पहिला बूट काकांनीच चढवला होता. दुकानाशिवाय दिवस कसा घालवतात, हे काकांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

बायकोनं मोजे धुवायला घेतले आणि बिंग फुटलं.

"जगाचे पाय बघता, आणि आपला?" ती एवढंच म्हणाली आणि दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा बधिर करून नखाची रुतलेली कड काढली. "नख सरळ कापायचं. कोपरे गोल करायचे नाहीत, कोरायचे तर मुळीच नाहीत." मग त्यांनी काकांच्या बुटात हात घालून पाहिला. "हे पुन्हा घातलेत तर पुन्हा इथंच याल."

काका पट्टी बांधून, चपला घालून दुकानात गेले. जिन्यावरून पाय घसरला, अशी थाप तयार होती. मालकानं ती ऐकून घेतली.

"काकूंचा फोन आला होता," तो म्हणाला. "बसा."

"मी स्टुलावर बसतो."

"स्टूल मला लागेल."

गिऱ्हाइकाच्या मऊ खुर्चीत काका उभ्या जन्मात बसले नव्हते. मालकानं त्यांचा डावा, धड पाय मांडीवर घेतला. ते ओशाळून पाय ओढू लागले, पण त्यानं तो सोडला नाही. मापाची पट्टी लावली.

"नऊ नंबर."

काका पट्टीकडे बघत राहिले. मालकानं नवं खोकं उघडलं, बूट चढवला आणि अंगठ्यापुढे बोट दाबलं.

"पुढे एवढी जागा हवी, तुम्हीच शिकवलंत. आठ दिवस चपलांवर, बसून काम करा. मग हे घालून उभे राहा. तुमच्याशिवाय दुकान चालवता यायचं नाही मला."

तेवढ्यात दारातून गिऱ्हाईक आलं. काकांनी सवयीनं त्याच्या पायांकडे पाहिलं, पण डोळे भरून आले होते आणि नंबर काही दिसेना.