शुक्रावरची राजकन्या, मुक्काम कोपरगाव

पृथ्वीवर बसून शुक्रावरचं राज्य चालवणारी बाई आजवर एकच झाली, आणि ती माझी आत्या आहे. तिचे यजमान भिंगारला लष्करी कचेरीत कारकून होते. बदली झालेले साहेब लोक जाताना इंग्रजी कादंबऱ्या मागे टाकून जात, त्या ते घरी आणत. त्यातच एक शुक्रावरच्या लढवय्या राजकन्येची निघाली. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेल्या आत्यानं ती वाचली आणि त्या दिवसापासून त्या पोरीची सगळी जबाबदारी स्वतःकडे घेतली. मुखपृष्ठावर राजकन्येच्या हातात तलवार, पण अंगावर कपड्यांच्या नावानं आनंदच! आत्यानं बॉलपेननं तिला नऊवारी नेसवली, काष्ट्यासकट. "लढाईला निघाली आन् अंगावर धड कापड न्हाई? लागंल की पोरीला!" पुस्तकात तिला दर चार पानांनी कोणीतरी पळवायचं आणि एक गोरा शिपाई येऊन सोडवायचा. आत्याला हे मुळीच खपलं नाही. "कमरेला तलवार हाय, मग ही वाट कुनाची बघती?" असं म्हणून तिनं त्या शिपायाला विमान राखायला बसवलं. तो बिचारा अजून तिथंच आहे.

यजमान निवृत्त झाल्यावर आत्या कोपरगावात आली, पाठोपाठ राजकन्याही. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका गच्चीवर कुरडया घालायला जमल्या की गोष्ट सुरू व्हायची. श्रोत्यांत पहिला नंबर शेजारच्या शांताकाकूंचा. संध्याकाळी शुक्राची चांदणी दिसली की त्या भक्तिभावानं हात जोडत. राजकन्या वेढ्यात सापडली तेव्हा त्यांनी गव्हाच्या चिकात दोनदा मीठ घातलं, आणि त्या वर्षी अख्ख्या गल्लीनं खारट कुरडया निमूटपणे खाल्ल्या. काकूंचं विचारणं एकच, "पोचती का गं ती घरी? तेवढं सांग." आत्या म्हणायची, "फुडच्या उन्हाळ्यात." असे किती उन्हाळे गेले.

यंदा कुरडयांच्या आधीच शांताकाकू गेल्या. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मुलानं हात जोडले, "आई, धाकटीचं लगीन मी करून देतो." कावळे ढिम्म. "बाबास्नी अंतर देनार न्हाई." तरी ढिम्म. आईचं काहीतरी राहून गेलं आणि आपल्याला ते ठाऊकही नाही, हे त्याला सोसेना. एवढा बाप्या माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मलाही बघवेना. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात आत्या गर्दीतून पुढे झाली आणि पिंडासमोर मांडी घालून बसली.

"शांते, ऐक. येढा फुटला. पोरगी घोड्यावरनं थेट येशीत आली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पानी घातलं. पोचली गं. घरी पोचली."

एक कावळा झपकन उतरला आणि त्यानं घास उचलला. भटजींनीही सुस्कारा सोडला. मुलानं आत्याचे पाय धरले.

सगळे जेवायला वळल्यावर मी विचारलं, "आत्या, पुस्तकात शेवट असाच आहे?"

ती नदीकडे बघत बसली होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "न्हाई रे. पुस्तकात ती येशीभाईरच मरती. म्हनून तर इतकी वर्सं शांताला सांगितलं न्हाई."