वाघाच्या गोष्टीला हूं

कार्यक्रमात माझी ओळख करून देणाऱ्या माणसाला हल्ली फार घाई असते. 'परिघावरचा आवाज', 'सातपुड्याची लेक', 'आदिवासी जाणिवेची लेखिका' असे सगळे हार तो एका दमात माझ्या गळ्यात घालतो आणि मग विचारतो, "मॅडम, लेखनातून तुम्ही तुमची ओळख कशी शोधता?" जणू ती आमच्या मोलगीच्या बाजारात माझ्या हातून पडली होती! मी हसते, पाणी पिते आणि काहीतरी बरं दिसेल असं बोलते. खरं सांगायचं तर मला ती शोधावी लागली नाही. एका वर्गात, मागच्या बाकावरून, कुणीतरी ती मला दिली.

तालुक्याच्या गावी मी मराठी घेऊन एम.ए. करत होते. वसाहतोत्तर साहित्याचा एक पेपर होता. साहेब गेला, पण त्याने ठेवलेली नावं राहिली, मग आपण स्वतःला कोणत्या नावाने लिहायचं, असल्या प्रश्नांचा. शिकवणारे सर तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातले. फळ्यासमोर शुद्ध पुस्तकी मराठी, आणि चिडले की थेट अहिराणी. त्यांनी परीक्षेसाठी एक वेगळीच टूम काढली. प्रत्येकाने आधी आपल्या घरातली एक गोष्ट घरच्या बोलीत सांगायची, मग 'मी कोण' यावर स्वतःचा निबंध वाचायचा. गुण द्यायला बाहेरच्या विद्यापीठातून एक बाई येणार होत्या.

घरून निघताना वडील एवढंच म्हणाले होते, "नापास झालीस तर परत ये, इथंही काम आहे." रागाने नाही, प्रेमानेच म्हणाले. म्हणून तर जास्त भीती वाटायची. मला परत जायचं नव्हतं.

गोष्ट मी वडिलांचीच निवडली. एका वाघाला प्रश्न पडतो, मी कोण? तो विचारत फिरतो. गुराखी म्हणतो, तू चोर. म्हातारी म्हणते, तू देव, आणि नारळ फोडते. जंगलखात्याचा माणूस म्हणतो, तू सरकारी. हा जंगलखात्याचा माणूस वडिलांनी मागाहून घुसवलेला, मला खात्री आहे. विचारून विचारून वाघाच्या घशाला कोरड पडते, तो नर्मदेवर जाऊन पोटभर पाणी पितो आणि प्रश्नच विसरतो. आमचा नदीकाठ धरणाच्या पाण्याखाली गेल्यापासून वडील वाघाला खाली नेत नाहीत, वरच्या झऱ्यावरच पाणी पाजतात.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे गोष्ट सांगणारा एकटा नसतो. समोर हूं म्हणणारा लागतो. एक वाक्य झालं की हूं, की मग पुढचं वाक्य. हूं थांबला तर समजायचं की समोरच्याला झोप लागली, नाहीतर त्याला ही गोष्ट नको आहे. मग सांगणारा गप्प बसतो. नको असताना सांगत राहणं हा उद्धटपणा. मक्याची कणसं सोलताना वडील गोष्ट सांगायचे आणि हूं म्हणायचं काम माझं असायचं.

परीक्षेच्या दिवशी बाई पहिल्या रांगेत बसल्या. पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून सरांनी वर्गाला दम भरला, "कोनी तोंड उघाडं ना, तर भायेर काढसू!" वर्ग चिडीचूप. मी उभी राहिले, पहिलं वाक्य बोलले आणि थांबले.

हूं आला नाही.

मला गोष्ट तोंडपाठ होती, पण पुढचं वाक्य घशातून वर येईना. सगळे इतक्या आदराने गप्प बसले होते आणि मला मात्र वाटत होतं, यांना माझी गोष्ट नको आहे. मी पुन्हा पहिलं वाक्य म्हटलं. पुन्हा तीच शांतता. बाई गोडीने म्हणाल्या, "विसरलीस का? राहू दे, मराठीतच सांग." सर कपाळाला हात लावून बसले. मला मोलगीला जाणारी जीप दिसायला लागली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "हूं."

आवाज कापडदुकानदाराच्या मुलीचा होता. राजस्थानातून आलेल्या मारवाड्याचं घर, बाजारपेठेत मोठं दुकान. दोन वर्षं एका वर्गात असून आमचं बोलणं जेमतेम. सरांनी डोळे वटारले तशी ती उभीच राहिली आणि दुकानात बोलतात त्या अहिराणीत म्हणाली, "सर, आमना घरमा बी असंच ऱ्हास. हूं नही करं तर गोष्ट पुढे जात नही." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग वं. पुढे काय व्हयनं त्या वाघनं?"

तिला माझ्या बोलीतला एक शब्द कळत नव्हता. पण वाक्य कुठे संपतं ते तिला बरोबर कळायचं. गुराख्याला हूं, म्हातारीला हूं. जंगलखात्याच्या माणसापर्यंत येईतो अर्धा वर्ग हूं म्हणत होता आणि सरांचा हूं सगळ्यांत मोठा होता. माझा वाघ त्या दिवशी झऱ्यावर नाही, खाली नर्मदेवरच जाऊन पाणी प्याला.

मी पास झाले, शिकले, शिकवते, लिहिते. त्या मुलीची मी आयुष्यभर ऋणी आहे. परीघ, केंद्र, आपण आणि ते, हे शब्द मला पुस्तकांनी दिले आणि ते कामाचे आहेत, मी रोज वर्गात वापरते. पण मी लेखिका कधी झाले असं कुणी विचारलं तर तो हाच दिवस. आणि कारण फक्त गोष्ट नाही. निबंध वाचायचा अजून बाकी होता.

तो मी तिने हूं म्हणण्याच्या आधी लिहिलेला होता. त्यात एक वाक्य होतं: 'बाजारात माझ्या आईला कुणी तिच्या नावाने हाक मारत नाही. कापडाच्या दुकानातून तिला ऐकू येतं ते एवढंच, ए, हात नको लावू.' दुकान कुणाचं ते लिहिलं नव्हतं. पण तालुक्याच्या गावात कापडाचं मोठं दुकान एकच, आणि तिथे आईबरोबर मी उभी होते.

त्या वाक्याशी आले आणि वाटलं, गाळावं. आत्ताच तर हिने मला वाचवलं. पण वाक्य खरं होतं. मी ते वाचलं आणि थांबले. या वेळी वाक्य अडलं नव्हतं, मला मुद्दाम थांबायचं होतं. तिला नको असेल तर मी गप्प बसणार होते, रीतच तशी आहे.

सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने खाली पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहिलं नाही. माझ्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "हूं."

मग मी पुढचं वाक्य वाचलं.