खेळातला कोंडवाडा

"कोनाचं हाय हे?"

दुकानात कोणीही पाऊल टाकलं की शेजारच्या भाऊंचा हा प्रश्न ठरलेला. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, नाहीतर मला बघायला आलेले मुलीचे वडील असोत. हनुवटी वर करून चष्म्यावरून बघायचं आणि मला विचारायचं. त्यांची सगळी नोकरी कोंडवाड्यावर गेली. मोकाट ढोर कोणाच्या वावरात घुसलं की कोंडायचं, मालक येऊन "आमचं हाय" म्हणाला की सोडायचं. निवृत्तीनंतर ढोरं गेली, सवय राहिली.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ऊन चढलं की भाऊ कूलरसमोरच्या स्टुलावर येऊन बसत. मी एक ऑनलाइन खेळ चालवतो. त्यात आपल्याकडच्या लोकांनी मिळून एक गाव वसवलंय, विहिरी, संत्र्याच्या बागा, आठवडी बाजार, सगळं. तुम्ही असे खेळ खेळला असाल तर पुढचं तुम्हाला माहीत आहे. लोकांनी महिनाभर राबून बांधावं आणि कोणीतरी येऊन उगाच पेटवून द्यावं. असल्यांना तिथं ग्रीफर म्हणतात. मी त्यांना हाकलायचो, ते नवं नाव घेऊन दुप्पट चिडून परत यायचे. चांगली माणसं कंटाळून निघून चालली होती. शेवटी मी गाव बंद करायचं ठरवलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मला रडू येत होतं.

"काहून तोंड पाडून बसला बाप्पा?"

"बाग जाळली, भाऊ. संत्र्याची."

भाऊ ताडकन उठले. "कोनाची? कुठं?"

मी फोन दाखवला. त्यांनी तो नाकाजवळ धरून जळका बगीचा बराच वेळ पाहिला. फोनमधला आहे म्हणून त्यांना काही फरक पडला नाही.

"मंग कोंडलं काहून नाही? हाकललं तं दुसऱ्याच्या वावरात घुसन ना थे!"

चार दिवसांत गावाच्या वेशीवर कोंडवाडा उभा राहिला. फाटक, गव्हाण, पाण्याचं टाकं. भाऊंच्या फोनवर खेळ टाकून त्यांचंही एक पात्र केलं, आणि त्यांनी ज्याला बोट लावलं तो थेट आत, अशी सोय मी करून दिली. आमच्या खेळात माणूस फोन बंद करून गेला तरी त्याचं पात्र होतं तिथंच डोळे मिटून उभं राहतं, त्यामुळे कोंडलेला कोंडलेलाच. नियम भाऊंचे. घरचं कोणीतरी खेळात येऊन "आमचं हाय" म्हणेपर्यंत सुटका नाही, आणि जाळलेलं त्या घरच्या माणसाने पुन्हा लावून द्यायचं.

पहिला कोंडला गेलो मी. कोणाच्या तरी कांद्याच्या वाफ्यात उभा होतो म्हणे. "भाऊ, हा खेळ माझा आहे!" मी ओरडलो. स्टुलावरून, म्हणजे माझ्यापासून हातभर अंतरावरून, भाऊ म्हणाले, "कोनाचं हाय हे?" अखेर आई वरच्या मजल्यावरून खाली आली, फोन हातात घेतला आणि म्हणाली, "आमचं हाय. कोथिंबीर आनाले सांगतली तं इथं येऊन बसलं."

मग रांगच लागली. एका इंजिनिअरची आई चांदूर बाजारहून खेळात आली. "आमचं हाय, लहानपनापासून असंच हाय," तिने लिहिलं आणि कोणाची तरी मेथी पाहून खेळातल्या गावातच रमली. धामणगावच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या बायकोने मात्र कळवलं, "राहू द्या दोन दिवस. घरी शांतता हाय."

आतले लोक नवं नाव घेऊन पळू शकत होते. कोणी पळालं नाही. रोज संध्याकाळी भाऊ आत शिरून एकेकापुढे कडब्याची पेंढी टाकत आणि लिहीत, "पानी पेला काय?" त्या बिचाऱ्यांची इतकी विचारपूस कोणी केली नसावी.

एक मात्र अडला. नाव तुफान. संत्र्याची बाग त्यानेच जाळली होती. हळूहळू सगळे सुटले, हा उभाच.

"कोनाचं हाय हे?" भाऊ रोज विचारत. शेवटी त्याने लिहिलं, "माझं कोणी येणार नाही."

भाऊंनी फोन मांडीवर ठेवला. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून आले, चूळ भरली. मग एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत लिहिलं, "आमचं हाय."

फाटक उघडलं. नियम म्हणजे नियम, म्हणून जळकी बाग भाऊ स्वतः लावायला बसले. त्यांचा अंगठा भलतीकडेच पडायचा, रोपं वेडीवाकडी लागत. तिसऱ्या ओळीला तुफान मागून आला आणि रोपं सरळ करू लागला. गाव बंद करायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. झोपेतच गेले. स्टूल मी अजून कूलरसमोरून हलवलेलं नाही.

त्या दिवशी मी खेळ उघडला. आदल्या संध्याकाळी सवयीने चारा टाकायला ते रिकाम्या कोंडवाड्यात शिरले होते आणि तिथंच फोन बंद केला होता. फाटक लागलेलं. आत भाऊ एकटेच, डोळे मिटून उभे.

एक बटण दाबून मी त्यांना बाहेर काढू शकलो असतो. हात धजेना, नियम त्यांचाच होता. मी गावाला बातमी दिली. थोड्या वेळाने फाटकाशी तुफान आला, त्याच्यामागे मेथीत रमलेली ती इंजिनिअरची आई, व्यापारी आणि त्याची बायकोही.

"आमचं हाय," तुफानने लिहिलं.

मी फाटक उघडलं. भाऊ काही हलले नाहीत. तुफान आत गेला, त्यांच्यापुढे कडब्याची पेंढी ठेवली आणि विचारलं, "पानी पेला काय, भाऊ?"