कॉप्टिक पानाला मराठी फाँट
सरांच्या पुस्तकातली कॉप्टिक प्रार्थना मी मराठी समजून तपासली आणि दुरुस्तही केली.

नांदेडात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, निवडणुकीची पत्रकं. आमच्या धंद्याची रीत अशी की मजकूर कुठूनही येवो, आधी सगळा निवडायचा, आपला मराठी फाँट लावायचा, मग बाकीचं बघायचं. सर लातूरचे, कॉलेजात मला इतिहास शिकवलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराघरांतून उठून गेलेल्या भाषांवर पुस्तक लिहिलं. इजिप्तमधली कॉप्टिक आता घरात कुणी बोलत नाही, चर्चच्या प्रार्थनेत तेवढी उरलीय. तसली एक प्रार्थना सरांनी स्वतः टाईप केली होती, पण जुन्या फाँटमध्ये. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच, अंगावर फक्त कॉप्टिक कपडे. माझा मराठी फाँटही त्याच जातीचा. मी कपडे बदलले आणि पानभर ढ, क्ष, रफार उगवले. मला वाटलं, सरांनी उच्चार मराठीत दिलेत. म्हणायला जड वाटले म्हणून दोन-चार वेलांट्या काढल्या, एक स्वल्पविराम पदरचा घातला आणि एकुलत्या मूळ फाईलवरच सेव्ह मारलं.

प्रूफ घेऊन एसटीनं लातूर गाठलं. सरांना काचबिंदू झालाय. एक डोळा गेलाच होता, दुसरा कडेकडेनं मिटत चालला होता. "पुस्तक कधी का निघेना," ते फोनवर म्हणाले होते, "ते एक पान मला माझ्या डोळ्यानं वाचायचंय."

भिंग पानावरून फिरलं आणि थांबलं.

"हे काय आहे रे?"

"तुमची प्रार्थना, सर."

"कोणत्या देवाची?"

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून आपली हातानं लिहिलेली प्रत काढली. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. वाचण्यासाठी जपून ठेवलेली नजर आता त्यांना माझी घाण निस्तरायला खर्चावी लागणार होती.

सर भिंगातून एकेक अक्षराचं नाव सांगायचे, मी लॅपटॉपवर युनिकोडच्या तक्त्यातून ते उचलायचो. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा असतो, फाँट बदलला तरी ते दुसरंच काही होत नाही. मध्येच सरांच्या पत्नी, आमच्या काकू, यायच्या, त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायच्या. मग सर डोळे मिटून बसायचे आणि मला लॅपटॉपकडंसुद्धा बघवायचं नाही.

काही अक्षरं सापडेनात. कॉप्टिकचा तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा चाळला.

"सर, ही कॉम्प्युटरमध्ये नाहीतच."

"न्हाईत, का तुलाच दिसनात?" काकूंनी विचारलं.

"ग्रीकच्या तक्त्यात बघ," सर डोळे न उघडता म्हणाले. "आधी दोन्ही लिप्या एकातच धरल्या होत्या. मागाहून कॉप्टिकला वेगळं घर दिलं, पण ही सात अक्षरं तिथंच राहिली."

तिथंच होती. बिचारी कधीची बसून होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान पुरं झालं. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या टायपात छापून आणलं. सर खिडकीशी बसले. अक्षराखाली बोट ठेवत, हळू आवाजात वाचू लागले. अर्थ मला कळत नव्हता. काकू थेंबांची बाटली हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. रस्त्यावरच्या ऑटोचा आवाजसुद्धा मला नकोसा झाला, म्हणून मी खिडकीच्या बाजूनं सरांच्या आणखी जवळ सरकलो.

अर्ध्या पानावर सरांचं बोट थांबलं.

मी पुढं होऊन पानावर वाकलो. "चुकलंय का, सर?"

"चुकलं नाही," ते म्हणाले. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. "पुढची ओळ दिसेना."

मी तसाच वाकून उभा राहिलो.

"दिसंल कशी?" काकू दारातून म्हणाल्या. "तू आधी खिडकीतून हट. समदा उजेड अडवून राहिलास."