ताइस्तोच्या गाडीचे ब्रेक

डेअरीची पांढरी भिंत मागे पडली तरी ताइस्तोचं तोंड बंद झालेलं नव्हतं. नापास झालेली त्याची गाडी वाहन तपासणी केंद्रातच सोडून आम्ही चालत निघालो होतो, निम्म्याहून जास्त रस्ता अजून बाकी होता. कडेला वितळलेल्या बर्फाचा चिखल आणि त्यात हिवाळाभर टाकलेली खडी. तो पुढे, मी मागे.

"काल शाळेत होती ती पोरगी! आणि आज मला सांगते, ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. तिच्या आजोबाच्या गोठ्यातलं दूध मी उचलत होतो तेव्हा तिचा बाप पाळण्यात मुतत होता."

"मागचे ब्रेक संपलेत, ताइस्तो. तिने दिवा लावून दाखवलं की. लोखंडावर लोखंड घासतंय."

"दाखवलं! तिला कोणी शिकवलं काय दाखवायचं ते? काउनो रोज तिथे जाऊन कॉफी ढोसतो. त्यानेच कान भरले."

काउनो म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. दोघांची घरं एकाच अंगणात. या गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही नावाने आणि अरे-तुरेनेच हाक मारतात, आणि या दोघांशी तर दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलावंसं वाटलंही नसतं. आमचं घर त्यांच्या कुंपणाला लागून. मला गाडी चालवता येते, पण आमची गाडी माझा नवरा कामावर नेतो, म्हणून आठवड्याच्या बाजाराला मी ताइस्तोबरोबर जायची. त्या दिवशीही तशीच गेले होते आणि पिशव्या घेऊन पायी परत येत होते.

ताइस्तो एवढा का पेटला होता, ते मला कळत होतं. आमच्या रस्त्यावर बस येणं बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली. बायको गेल्यापासून तो एकटा. गाडी गेली की औषधासाठी, पावासाठी, बटाट्याच्या पिशवीसाठी त्याला एकच दार उरणार होतं, काउनोचं. आणि त्या दारात उभं राहण्यापेक्षा ताइस्तो उपाशी मेला असता. हे मी उगाच म्हणत नाही.

मागून गाडी आली, हळू झाली. काउनोच. त्याने काच खाली केली आणि फक्त माझ्याकडे बघितलं.

"शेजारणी, बस. त्याला चालू दे. डोक्याला हवा लागेल."

ताइस्तो शेताकडे बघत म्हणाला, "त्याला सांग, त्याच्या गाडीला डुकरांचा वास येतो."

"त्याला सांग, डुकरं मी कधीच विकली. वास त्याच्याच मिशांना असेल."

"मी चालतेच," मी म्हटलं. बसले असते तर म्हाताऱ्याने उन्हाळा संपेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

"मग चाला दोघं," काउनो म्हणाला, आणि जाताना डबक्यातून असं चाक घातलं की माझा परकर गुडघ्यापर्यंत भिजला. ताइस्तोला त्याचा आनंदच झाला. "बघितलंस? बघितलंस ना कसा आहे?"

पुढे एका ठिकाणी चिखल फार होता. ताइस्तोचा उजवा बूट तिथेच रुतून राहिला आणि तो मोज्यावर पुढे चालत गेला. चांगला दहा-बारा पावलं गेला, शिव्या देत. मी बूट उपसून हाक मारली तेव्हा त्याने वळून बघितलं, मग खाली बघितलं. "जुना झालाय. ढिला आहे," म्हणाला आणि माझ्या हातातून हिसकावून घेतला. मीही सोडून दिलं. रागात माणसाला कशाचं भान राहतं?

ताइस्तोने जन्मभर दुधाचा टँकर चालवला. पहाटे वाड्या-वाड्यांवर जायचं, दूध भरून घ्यायचं, डेअरीत रिकामं करायचं. बर्फ असो, धुकं असो. एकदाही गाडी खंदकात गेली नाही, हे तो दर भेटीत सांगायचा. त्याचं म्हणणं असं, की ज्याला पुढचं दिसत नाही तो ब्रेक दाबतो. खऱ्या ड्रायव्हरने गियर उतरवावा आणि गाडीला आपणहून थांबू द्यावं. बर्फावर ब्रेक दाबला की गाडी घसरते, हे इथे लहान पोरांनाही ठाऊक असतं. त्यामुळे ताइस्तो ब्रेकला पाय लावत नाही याचं गावात कौतुकच होतं. तपासणीवाल्या मुलीनेही पुढच्या चाकांच्या गंजलेल्या डिस्क बघून मान हलवली होती. म्हणाली, "जुन्या ड्रायव्हरांच्या गाड्यांना हे असंच होतं."

शनिवारी माझ्या नवऱ्याने भाड्याचा ट्रेलर आणून गाडी घरी आणून दिली. नवे पॅड, नव्या डिस्क ताइस्तोने मागवून ठेवल्या होत्या. फेरतपासणी सोमवारी सकाळी. म्हणजे हातात शनिवारच. संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की रविवार लागतो, आणि रविवारी आमच्या या भागात कोणी हातोडा उचलत नाही, लाकूड फोडत नाही. मला ती घंटा आवडते. ती वाजली की मीही हातातलं काम ठेवते आणि देवापाशी दिवा लावते.

गॅरेज दोघा भावांचं मिळून एक आहे. बापाने मरताना वाटणी केली ती जमिनीवर पांढरी रेघ मारून. अलीकडचं ताइस्तोचं, पलीकडचं काउनोचं. हत्यारांच्या चिठ्ठ्या टाकल्या. पाने आणि जॅक आले ताइस्तोकडे, हातोडे आणि लोखंड घट्ट धरणारा शेगडा काउनोकडे. तिथून भांडण सुरू झालं. पान्याला हातोडा लागतो आणि हातोड्याला पाना, पण रेघ कोणी ओलांडली नाही.

मला ताइस्तोने दिवा धरायला बोलावलं होतं. मागची चाकं भराभर निघाली. पॅड काढून त्याने वर्तमानपत्रावर ठेवले. पॅड कसले, नुसत्या लोखंडी पट्ट्या. डिस्कवर नांगरल्यासारख्या चऱ्या पडलेल्या. त्या बदलल्या. दुपार कलली तेव्हा तो पुढच्या चाकांकडे वळला. तिथले पॅड चांगले जाडजूड निघाले, पण डिस्क गंजून जागेवर अशी बसली होती की हलेना. ताइस्तो कुऱ्हाडीच्या पाठीने तिच्यावर घाव घालू लागला.

रेघेपलीकडे काउनो माशांचं जाळं सोडवत बसला होता. जाळं सकाळीच सुटलं असावं.

"शेजारणी," तो म्हणाला, "विचार त्याला, ब्रेक काढतोय की सरपण फोडतोय?"

"सांग त्याला, तुझं डोकं समोर असतं तर एका घावात काम झालं असतं."

"घंटा वाजायला आली म्हणावं. सोमवारी घोड्यावर बसून जा."

ताइस्तोने आणखी जोरात घाव घातला, कुऱ्हाड घसरली आणि फरशीवर आपटली. काउनो उठला. भिंतीवरचा मोठा घण काढला, रेघेपाशी आला, थांबला. मला वाटलं तिथूनच फेकेल. पण त्याची नजर वर्तमानपत्रावर गेली. बराच वेळ तो त्या पॅडांकडे बघत राहिला. मग त्याने रेघ ओलांडली.

"बाहेर हो," ताइस्तो गुरगुरला. कित्येक वर्षांत थेट भावाला बोललेला तो पहिला शब्द असेल.

काउनोने ऐकलंच नाही. "शेजारणी, इकडे बघ. माणूस पायाने ब्रेक दाबतो तेव्हा पुढचे पॅड आधी झिजतात. याचे पुढचे कोरे आहेत. मागचे संपले. मागचीच चाकं कशाने धरतात? हाताच्या ब्रेकने. हा गाडी हाताने ओढून थांबवतो."

"हिवाळ्यात सगळेच—"

"हिवाळ्यात! हिवाळ्यात माणूस एवढं संपवतो? तुझा हिवाळा बारा महिने असतो काय रे?"

"मला शिकवतोस? डुकरं राखणारा मला गाडी शिकवतोस? मी दुधाचा टँकर चालवत होतो तेव्हा तू—"

तो बोलत होता, भावाच्या तोंडासमोर बोट नाचवत होता. आणि काउनोने शांतपणे घण खाली टेकवला. जमिनीवर नाही, ताइस्तोच्या उजव्या बुटावर. दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा भार दिला. मी तोंडावर हात ठेवला. ताइस्तो बोलतच होता. डुकरं, बाप, वाटणी, तपासणीवाली पोरगी, सगळं निघालं. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

"खाली बघ," काउनो म्हणाला.

ताइस्तोने खाली बघितलं.

मी मनात देवाचं नाव घेतलं, कारण मला शाळेच्या वळणावरची सायकलवाली मुलं दिसत होती, आणि त्याच गाडीत शेजारी बसलेली मीही.

"कधीपासून?" काउनोने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"पेडल कुठे आहे ते तुला कळत नाही. कळतं?"

"काढ तो घण."

काउनोने घण उचलला आणि तोच सरळ डिस्कवर घातला. तिसऱ्या घावाला ती सुटली. दुसऱ्या बाजूचीही त्यानेच सोडवली. मग ताइस्तोने डिस्कची बैठक, ते हब, घासून साफ केलं, नवी डिस्क चढवली, पॅड बसवले, बोल्ट आवळले. एकाने हात पुढे केला की दुसरा त्यात हवं ते ठेवायचा, आणि ठेवताना आदळायचा. शेवटी पेडल मारून मारून ब्रेकमध्ये दाब भरायचा होता. ताइस्तो आत बसायला निघाला तर काउनोने त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि मला म्हणाला, "तू बस." मी पेडल दाबत राहिले. आधी पोकळ जात होतं, मग पायाखाली घट्ट लागलं.

घंटा वाजायला लागली. काउनोने घण उचलला.

"गाडीला ब्रेक झाले," तो म्हणाला. "तुला नाहीत. सोमवारी किल्ली तुझ्या हातात दिसली तर मी पोलिसांना फोन करणार. आपल्या आईची शपथ."

"कर! जन्मभर चुगल्याच केल्यास!"

"आणि दुकानातून काही लागलं तर माझं दार वाजव. दोनदा. एकदा वाजवलंस तर उघडणार नाही." तो रेघेपलीकडे गेला आणि त्याने आपल्या बाजूचा दिवा मालवला.

ताइस्तो उलट्या बादलीवर बसला. उजवा बूट काढला, मोजा काढला. पाय काळानिळा पडायला लागला होता. तो दुसऱ्याच कोणाचा पाय असावा तसा त्याच्याकडे बघत होता. मी म्हटलं, बर्फ आणते. तो नको म्हणाला. डॉक्टरला दाखवायला हवं, म्हटलं. त्यावर त्याने फक्त फरशीवर थुंकल्यासारखं केलं.

मग त्याने खिशातून किल्ली काढली. माझ्याकडे न बघता पुढे केली.

"सोमवारी तपासणीला तू ने. तिथून सरळ दवाखान्यात. पुढे बाजाराला, चर्चला, जिथे जायचं तिथे. पेट्रोल माझं. मी शेजारी बसेन आणि बडबडेन, ते तुला ऐकावं लागेल. नवे पॅड आहेत, पहिले काही दिवस हळू दाब, एकदम चेपू नकोस." तो थांबला, पलीकडच्या अंधाराकडे बघितलं आणि आवाज चढवला, तिकडे ऐकू जावा इतका. "पण त्याचं दार मला वाजवायला लावू नकोस, शेजारणी. एवढं कर. चालवशील?"