उरलेलं कुंकू

चेन्नईतल्या अंबत्तूरचा आमचा कारखाना बंद पडला, जुने लेथ भंगारात गेले आणि पन्नाशीत मी संगणकावर चालणारं मशीन शिकलो. माझ्याबरोबर शिकलेल्यांना त्या प्रशिक्षणाचा काही उपयोग झाला नाही. कोणी वॉचमन झाला, कोणी तंजावरला परतला. मला एकट्याला दुसरीकडे नोकरी लागली. घरचे म्हणाले, नशीबवान! कसलं डोंबलाचं नशीब! काचेआड मशीन आपलं आपण लोखंड कापतं आणि मी नुसता बघत उभा.

आयुधपूजेला मशीनला गंध-कुंकू लावलं. जुन्या कारखान्यात उरलेलं कुंकू आम्ही एकमेकांच्या कपाळाला लावायचो. कुंकवाचं बोट तसंच धरून मी सवयीने मागे वळलो. पाळीला माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. बोट मी पँटला पुसलं.