तिसऱ्या मजल्यावरचं हसू

माझे मामा बसस्थानकावर सूचना द्यायचे. एकतीस वर्षं ते चौकशीच्या खिडकीमागे, काचेच्या एवढ्याशा खोलीत माईकसमोर बसले. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" एवढं त्यांनी म्हटलं की भांडणारी माणसंसुद्धा वाक्य अर्धवट सोडून वर बघायची. त्यामुळे त्यांचं नावच 'कृपया' पडलं. बाजारात भाजीवाली म्हणायची, "कृपया आले, चांगली मेथी काढ." मामी तर घरातही सोडायची नाही. "कृपयांनी आपला टॉवेल पलंगावरून उचलावा," असं ती स्वयंपाकघरातून नाकात आवाज काढून म्हणायची, आणि मामा निमूट उचलायचे.

निवृत्त झाल्यावर या आवाजाचं काय करायचं ते त्यांना कळेना. "दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे," असं ते खुर्चीतूनच जाहीर करायचे. उठून गॅस बंद करायचं मात्र नाव नाही. मामी एकदा मला म्हणाली, "अगं, यांना काहीतरी काम दे बाई. नाहीतर मीच बस पकडून कुठेतरी जाईन."

मी तेव्हा नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवत होते. नाव होतं 'छत्री परत करा'. खेळणाऱ्याने इतकंच करायचं: चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची आणलेली छत्री जिना चढून परत नेऊन द्यायची. पण एक निवेदक सारखा बोलत असतो. आपण खेळात आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि छत्री पोचली की खेळ संपला, आपलं कामही संपलं, हेही. म्हणून तो खेळणाऱ्याला अडवतो, थापा मारतो, रुसतो, "हा जिना अजून काढून झालेला नाही" म्हणतो. हा निवेदक मामांशिवाय दुसरा कोण होणार?

रेकॉर्डिंग त्यांच्या घरीच झालं. मी माईक दिला आणि आवाज घुमू नये म्हणून काय करायचं ते सांगितलं. मामा झोपायच्या खोलीतल्या कपाटात गोधड्यांमध्ये स्टूल टाकून बसायचे. मामी पंखा बंद करायची, दाराची घंटा काढून ठेवायची आणि पलंगावर बसून कागद पुरवायची. मी तिथे नसायचे. रेकॉर्डिंग भरलेला पेनड्राइव्ह ते मला पाठवून द्यायचे.

तिसऱ्या मजल्यावर निवेदक म्हणतो, "तिसऱ्या मजल्यावरील खेळाडूंनी कृपया लक्ष द्यावे. आपल्या हातातील छत्री ही छत्री नसून तीन रेषा आणि एक दांडा आहे. तरीही आपण ती जपून धरली आहे, याबद्दल व्यवस्थापन आभारी आहे." आणि लगेच मागून कुणीतरी बाई तोंड दाबून हसते. दोन उसासे, एक गुदमरलेला आवाज. खेळ आला आणि लोकांनी त्या हसण्यालाच डोक्यावर घेतलं. 'निवेदकाच्या खोलीत कोण आहे?' यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. मामा खूश. "बघ, आम्ही दोघं गाजतोय," ते मामीला म्हणायचे. मामी म्हणायची, "मी कधी हसले ते मला तरी आठवत नाही बाई." आम्हाला ती लाजतेय असं वाटायचं.

खेळ आल्यावर दीड वर्षाने मामीला फुप्फुसाचं दुखणं निघालं. त्यानंतर ती आठ महिने होती.

खेळाला नऊ वर्षं झाली तेव्हा आम्ही त्याची वाढीव आवृत्ती काढली. वर आणखी तीन मजले आणि एक गच्ची. त्यात निवेदक स्वतःवरच वैतागतो, "तीच छत्री, तोच जिना. गुडघे तेवढे जुने." नवे भाग मामांनी आमच्या ऑफिसातल्या बंद खोलीत म्हटले. एकही चूक नाही. पण प्रत्येक विनोद झाला की ते थांबायचे आणि डावीकडे बघायचे. तिथे भिंत होती.

आवृत्ती आली आणि लोकांचे अभिप्राय येऊ लागले. मामा रोज सकाळी मला फोन करून ते बसस्थानकाच्या आवाजात वाचून दाखवायचे. "एका महोदयांचं म्हणणं आहे की जुना खेळ चिमूटभर होता म्हणून चव होती, आता पातेलंभर केलाय. दुसरे महोदय म्हणतात, निवेदक म्हातारा झालाय आणि तेच सगळ्यात छान झालंय. ऐकतेस ना? एक ताई लिहितात, नव्या मजल्यांवर हसू येतं आणि मग उगाचच वाईट वाटतं. हे कौतुक की तक्रार?"

"कौतुक, मामा."

"मग ठीक."

पाचव्या दिवशी फोन आला तेव्हा त्यांचा आवाज साधा होता. "भाचेबाई, एकाने विचारलंय, तिसऱ्या मजल्यावरची बाई कुठे गेली? मी स्वतः खेळून पाहिलं. खरंच नाही गं. तुझी मामी कुठे गेली?"

उत्तर मी तयार ठेवलं होतं. "जुन्या रेकॉर्डिंगला खरखर होती मामा. साफ करताना गेलं असेल."

"साफ करताना," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या अभिप्रायांच्या वर त्यांचा अभिप्राय होता. दोन बोटांनी टाइप करायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे. 'मी या खेळाचा निवेदक. खेळ चांगला वाढवला आहे, गच्ची मला आवडली. पण तिसऱ्या मजल्यावर माझी बायको हसत होती, ती काढून टाकली आहे. ती आता नाही. तिचा दुसरा आवाज माझ्याकडे नाही, कारण घरात रेकॉर्ड माझाच व्हायचा. तिचं हसू परत घालावे ही कृपया विनंती.'

तीन दिवसांत दोन हजारांवर लोकांनी त्याखाली 'परत घाला' लिहिलं. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, पाच मिनिटांचं काम आहे. घालून टाक."

शुक्रवारी दुपारी मामा ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात पिशवी. पाणी प्यायले आणि म्हणाले, "खेळात नको घालूस हवं तर. मला एकट्याला दे. तू काही फेकत नाहीस, मला माहीत आहे. तुझ्याकडे मूळ असणार."

"मामा, नका ऐकू."

"का?"

मी त्यांना बंद खोलीत नेलं, त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले, दुसरे माझ्या कानांवर, आणि मूळ रेकॉर्डिंग लावलं.

आधी कागद सरकल्याचा आवाज. मग त्यांचा तो पस्तिशीतल्या माणसासारखा खणखणीत आवाज, छत्रीचं वाक्य, "व्यवस्थापन आभारी आहे". मग ते दोन उसासे आणि गुदमरलेला आवाज. खेळात आम्ही इथेच कापलं होतं. पुढे मामी खोकत होती. तोंडावर काहीतरी दाबून धरलं होतं, बहुधा पदर, पण खोकला थांबत नव्हता. मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आणि मामा, "अगं काय हे! किती वेळा सांगू? एवढं चांगलं झालेलं वाया घालवलंस. जरा दम धरता येत नाही?"

"खोकला आला हो," मामी म्हणाली. "चुकलं. तुम्ही परत घ्या. मी बाहेर जाऊन उभी राहते."

पावलं, दार लोटल्याचा आवाज, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, "तिसऱ्या मजल्यावरील खेळाडूंनी कृपया लक्ष द्यावे."

मामांनी मान हलवून पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि त्यांची वायर नीट गुंडाळली.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, खोकला कधीपासून आहे," ते म्हणाले. "मीच म्हटलं, दोनेक महिने. तीही हो म्हणाली. आणि हे..." त्यांनी बोटांवर मोजलं. "हे त्याच्या आधी दोन वर्षं."

मी रडत होते. ते नव्हते.

"तुला माहीत होतं?"

"खोकला आहे हे तेव्हाच माहीत होतं, मामा. तुमचं भांडण ऐकून मला हसू आलं होतं. एवढाच तुकडा कापला तर हसल्यासारखा वाटत होता, म्हणून ठेवला. तो खोकला कसला असेल हे डोक्यातच आलं नाही. ते आत्ता आलं, नव्या आवृत्तीसाठी सगळं परत ऐकताना. म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा घेतलेलं घातलं."

"म्हणजे आता खेळात आहे ते..."

"मामी बाहेर गेल्यावरचं."

ते माईककडे बघत म्हणाले, "ते लाव. आणि आवाज वाढव. तिचा खोकला बाहेरून येतोय का बघू."

मी वाढवला. मामांचा आवाज कानात दुखायला लागला म्हणून त्यांची वाक्यं गाळून फक्त मधल्या मोकळ्या जागा ठेवल्या आणि त्या वाढवता येतील तितक्या वाढवल्या. नुसती खरखर होती, एकदा लांबून कुणाचंतरी दार वाजलं. आम्ही ते तीनदा ऐकलं. दुसरं काही नव्हतं.

"लांब गेली असेल," मामा म्हणाले. "जिना उतरून. ऐकू येऊ नये म्हणून."

निघताना मी विचारलं, "लोकांना काय सांगू? सगळे मागतायत."

"काही सांगू नकोस. घालूही नकोस."

"आणि तुमचा अभिप्राय? काढून टाकायचाय?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "राहू दे. हसायची ती. त्या दिवशी नसेल हसली." मी त्यांना सोडायला येते म्हटलं, पण ते नको म्हणाले आणि बसनेच गेले.

त्यानंतर सकाळचे फोन बंद झाले. आता मीच करते. ते पाण्याबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलतात, जेवलीस का विचारतात. खेळाचं नाव काढत नाहीत. मध्यंतरी सहाव्या मजल्यावरचं एक वाक्य दुरुस्त करायचं होतं, तर ते आले, एका दमात म्हणाले, चहा घेतला आणि गेले. त्यांच्या अभिप्रायाखाली लोक अजून लिहितात. परवा कुणीतरी लिहिलंय, 'आजोबा, आजी किती गोड हसायच्या.' मामांनी ते वाचलंय की नाही, ते मला विचारता आलेलं नाही.